ऑगस्टमधलं दोन रेणू पाणी

ऑगस्ट आला की मला राग येतो. बाकी दिल्लीला या महिन्यात पतंग आठवतात, राखीची मिठाई आठवते, गच्चीवरचे झेंडे आठवतात. मला आठवतं ते पाणी, आणि तेही पडणारं नव्हे. हवेत दडून बसलेलं, डोळ्यांना न दिसणारं, मिळेल त्या फटीतून आत शिरणारं. एखादी सर येऊन जाते, लगेच ऊन डोकं वर काढतं, आणि मग सगळं शहर झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं आतल्या आत शिजत राहतं. हिंदीत याला उमस म्हणतात. आम्ही दिल्लीतले मराठी लोकही घरात उमसच म्हणतो. पंखा फिरतो, घाम वाळत नाही, दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलसर राहतात आणि दारं फुगून चौकटीत अडकतात.

आज सकाळी मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसला होता. बिस्किटं सादळली होती. सादळणं हा शब्द माझ्या भाचीला ठाऊक नाही, ती इथेच वाढली. ती म्हणते, "आत्या, बिस्किट सील गये हैं, मैं नहीं खाऊंगी." मी बरणी ओट्यावर जरा जोरातच आपटली. आई आतून म्हणाली, "मिठानं काय केलंय तुझं?"

मिठानंच केलंय. स्वयंपाकाच्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या. एका पांढऱ्या मिठानं दिल्लीच्या हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि माझ्या सरांनी ते पाणी विज्ञान म्हणून छापलं. एकदा चुकून छापलं असतं तर मी आज बरणी आपटली नसती. ते वर्षानुवर्षं छापत राहिले, आणि ते पाणी नाहीये असं मी दाखवल्यावर त्यांनी पाणी ठेवलं आणि मला काढलं.

मी शिफ बेसची माणूस. म्हणजे होते. ज्यांचा रसायनशास्त्राशी शाळेनंतर संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते, हे काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. एक ॲल्डिहाइड घ्यायचं, एक अमाइन घ्यायचं, दोघांना अल्कोहोलमध्ये घालून मंद उकळत ठेवायचं. दोघं जोडले जातात, आणि थंड झाल्यावर तळाशी पिवळेधमक पापुद्रे उतरतात. हा शिफ बेस. त्याला धातूचं मीठ दाखवलं की तो धातूला चहूबाजूंनी धरून बसतो. असं धातूला धरणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात, आणि धातूसकट तयार झालेल्या पदार्थाला कॉम्प्लेक्स. अमाइन बदला, नवा लिगँड. धातू बदला, नवं कॉम्प्लेक्स. तांबं, कोबाल्ट, निकेल, जस्त. देशभर कितीतरी पोरापोरींनी यावर डॉक्टरेट केली आहे. त्यात वाईट काहीच नाही; चूल पेटती राहायला साधं सरपणही लागतं.

आणि मला ते काम आवडायचं, हे मी आजच्या रागातही नाकारणार नाही. त्या ॲल्डिहाइडला कडू बदामासारखा वास. तो केसांत, ओढणीत, डब्याच्या पिशवीत मुरायचा. बोटं पिवळी व्हायची, ती साबणानं निघायची नाहीत. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा एका मंत्रालयात कारकून होते. समोरच्या ब्लॉकमधल्या वानखेडे काकू माझी बोटं बघून म्हणायच्या, "मित्रा, बोटांना हळद लागली, आता अंगाला कधी?" माझं नाव संघमित्रा, पण ते पूर्ण फक्त सर म्हणायचे. काकूंना मी सांगायचे, आधी डॉक्टर होते, मग बघू. काकू हसायच्या. बाबा नुसते ऐकायचे, पण मी पाहिलंय, पुढच्या वेळी कुणी पाहुणा आला की ते हळूच म्हणायचे, "आमची मित्रा डॉक्टर होतेय. इंजेक्शनवाली नाही, दुसरी." हिंगोलीकडच्या आमच्या गावात त्या दुसऱ्या प्रकारची डॉक्टर तोवर कुणीच झाली नव्हती.

निकेलचा तो क्षण तर मी कितीदा तरी मुद्दाम लांबवला असेल. चंचुपात्रात पिवळं द्रावण, वरून थेंब थेंब सोडायचं ते निकेलचं हिरवं द्रावण. हिरवं आणि पिवळं मिळून काय व्हावं? कुणीही सांगेल, पोपटी. होतो तो लाल. पक्का, विटेसारखा लाल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच मोठ्यानं हसले होते.

हा लाल रंग लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण त्या रंगावरून आहे.

आमच्या लॅबला स्वतःचं ऋतुचक्र होतं. जुलैत नवे विद्यार्थी यायचे आणि उकळायला लागायचे. ऑगस्टमध्ये विभागातल्या इन्फ्रारेड यंत्रावर आमच्या लॅबची पाळी असायची. ऑगस्टच का, तर बाकीचे शहाणे लोक या महिन्यात त्या यंत्राकडे फिरकत नसत, म्हणून सरांना तो महिना सहज मिळे. मग परिषदांचे गोषवारे, आणि थंडी पडली की सगळे लिहायला बसत. हिवाळ्यात आमच्यापैकी कुणी मोजत नसे. हिवाळा लिहिण्याचा.

त्या यंत्रात पदार्थ नुसता ठेवता येत नाही. पोटॅशियम ब्रोमाइड, लॅबच्या बोलीत केबीआर, नावाच्या पांढऱ्या मिठात तो चिमूटभर मिसळायचा, छोट्या खलात घोटायचा, आणि दाबयंत्राखाली दाबून त्याची शर्टच्या बटणाएवढी पारदर्शक चकती करायची. चकतीतून किरण जातात, कागदावर आलेख उमटतो. कोणता बंध कुठे आहे ते आलेखातल्या खड्ड्यांवरून कळतं. पण हे मीठ भारी हावरट. घोटता घोटता हवेतलं पाणी पितं. म्हणून कोरड्या खोलीत, दिव्याखाली तापवून, झटपट काम उरकायचं असतं. आमच्या खोलीतला एसी पाणी गाळायचा, खोली कोरडी करायचा नाही. ऑगस्टमध्ये चकती हातात घेईपर्यंत धुरकट व्हायची आणि आलेखाच्या डाव्या टोकाला एक मोठा, पसरट, सुस्त फुगवटा यायचा. तो पाण्याचा.

त्या फुगवट्यावर बोट ठेवून सर म्हणायचे, "कोऑर्डिनेटेड वॉटर." म्हणजे हे पाणी निकेलला बांधलेलं आहे, पदार्थाचाच भाग आहे. झालं. सूत्रात पाण्याचे दोन रेणू लिहायचे. निकेलला लिगँडनं चार बाजूंनी धरलंय, उरलेल्या दोन बाजूंनी पाणी, म्हणजे सहा हात पुरे. चित्रही छान दिसायचं. पहिल्या विद्यार्थ्यानं तसं लिहिलं, दुसऱ्यानं त्याची री ओढली, तिसऱ्यानं दुसऱ्याचा संदर्भ दिला. आमच्याकडे नव्या मुलाच्या हातात आधीच्याचा थीसिस द्यायची पद्धत होती. धातूचं नाव बदला, अमाइनचं नाव बदला, वाक्यं तीच ठेवा. माझा सीनियर विवेक, लखनौचा, त्याच्या तांब्याच्या प्रकरणात मध्येच एक कोबाल्ट राहून गेलं होतं. तपासणाऱ्यांपैकी कुणाच्याही डोळ्यांत ते खुपलं नाही.

पण निकेलभोवती ते दोन पाणी खरंच असतं तर पदार्थ लाल राहिलाच नसता. सहा बाजूंनी धरलेलं निकेल हिरवं-निळं दिसतं आणि चुंबकाकडे ओढलं जातं. चार बाजूंनी, सपाट धरलेलं लाल, आणि चुंबकाला ढिम्म. हे बीएस्सीला शिकवतात. आमची बाटली लाल होती, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीतलं सूत्र हिरव्या पदार्थाचं. पहिल्याच वर्षी मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "अपवाद असतात." मी गप्प बसले, कारण मी नवी होते आणि अपवाद खरंच असतात.

मग एका जानेवारीत ते यंत्र दुरुस्त होऊन आलं. चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, कोई भी पुराना सैंपल ले आओ, चेक करना है. मी माझीच लाल बाटली नेली. बाहेर दिल्लीची ती कोरडी, ओठ फाडणारी थंडी. चकती काचेसारखी झाली. आलेख आला आणि डावीकडे फुगवटाच नाही. सपाट. मला वाटलं बाटली चुकली. पुन्हा केलं. पुन्हा सपाट. मग कपाटातून विवेकची बाटली काढली, त्याच्या आधीच्या मुलीची काढली, ज्यांचे थीसिस आमच्या हातात आले होते त्या सगळ्या पूर्वजांच्या बाटल्या काढल्या. सगळ्यांचं पाणी गेलेलं. त्या दिवशी मी जेवले नाही. आनंदानं नव्हे, भीतीनंही नव्हे. नुसती तिथेच बसून राहिले, चकत्या करत.

सर म्हणाले, "जुनी सॅम्पल्स आहेत, पाणी उडालं असेल." ठीक. मी ऑगस्टची वाट बघितली. आयुष्यात एकदाच मी उमस यावी म्हणून वाट बघितली असेल. ऑगस्टमध्ये त्याच जुन्या बाटल्या, तोच फुगवटा, तसाच हजर. उडालेलं पाणी सात महिन्यांनी घरी परत आलं होतं, चावी लावून. पदार्थ तापवून वजन केलं, वजन तसूभरही कमी झालं नाही. चुंबकाजवळ नेला, हलला नाही. आणि मग मी ते केलं जे आमच्या लॅबमध्ये इतक्या वर्षांत कुणालाच करावंसं वाटलं नव्हतं. नुसत्या मिठाची चकती केली. आत काहीच घातलं नाही. निकेल नाही, लिगँड नाही, काही नाही.

तो आलेख घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बघितलं आणि सवयीनं बोट ठेवलं. "हे बघ, किती क्लीन आलंय कोऑर्डिनेटेड वॉटर."

"सर, यात पदार्थ नाहीये. नुसतं केबीआर आहे."

त्यांनी आलेख खाली ठेवला. मग त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि मराठीत बोलायला लागले. इथे हे सांगितलं पाहिजे की सर पुण्याचे. लॅबमध्ये सगळ्यांशी इंग्रजी-हिंदी. मराठी फक्त माझ्याशी, आणि तेही दार बंद असताना. सुरुवातीला मला त्याचं अप्रूप होतं. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस अर्धा तिथेच विरघळतो. पुढे माझ्या लक्षात आलं, की सरांना काही योग्य सांगायचं असलं की इंग्रजी पुरते. मराठी ते अडचणीच्या कामासाठी राखून ठेवतात.

"संघमित्रा, बाळ, तू हुशार आहेस. पण हुशारी कुठे वापरायची हे कळायला हवं ना? तुझ्या आधीच्या चौघांनी पाणी लिहिलंय. तू नाही लिहिलंस तर त्यांचं काय? त्यांना नोकऱ्या आहेत, मुलंबाळं आहेत."

"सर, पण पाणी नाहीये."

"आहे की नाही हा प्रश्नच नाही. सीरीज आहे ती. सीरीजमध्ये एक पदार्थ वेगळा दिसून चालत नाही. माझा प्रकल्प रिन्यूअलला आहे. तू आपली मुलगी म्हणून तुला हे सांगतोय, दुसऱ्या कुणाला मी एवढं समजावलंही नसतं."

आपली मुलगी. या दोन शब्दांनी तळपायाची आग मस्तकात गेली. आपली म्हणजे कोण? खोटं लिहिताना आपली, आणि परिषदेला विवेक जातो तेव्हा कुणाची? मी हे म्हणाले नाही. मी म्हणाले, "सर, मी दोन्ही आलेख छापते. ऑगस्टचा आणि जानेवारीचा. वाचणारे ठरवतील." सर म्हणाले, "मग सही दुसऱ्या कुणाची तरी घे."

बाहेर विवेक उभा होता. त्याला अंदाज आला होता. तो म्हणाला, "अरे यार, लिख दे ना. दो पानी ही तो हैं. डिग्री ले, निकल यहाँ से, बाद में सच बोलती रहना." विवेक वाईट नव्हता. आज तो एका विद्यापीठात प्राध्यापक आहे, आणि त्याचं ते बाद में अजून आलेलं नाही.

सरांनी मग बाबांना फोन केला. बाबांना म्हणजे, आयुष्यभर ज्यांनी साहेबांच्या दारात चप्पल वाजणार नाही अशा बेतानं पाय टाकला, त्यांना. एका प्राध्यापकानं, तेही मराठीत, घरी फोन करावा याचंच बाबांना एवढं वाटलं की निम्मी बाजू तिथेच फिरली. ते ऑफिसची पिशवी खुंटीला लावून माझ्यासमोर येऊन बसले.

"सर म्हणत होते, छोटीशी गोष्ट आहे. पाण्याचं काहीतरी लिहायचंय."

"बाबा, ते खोटं आहे."

"अच्छा, पण कुणाचं नुकसान आहे का त्यात? औषध आहे का ते, कुणी खाणार आहे का?"

"नाही."

"मग लिहून टाक ना. पाणीच तर आहे."

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. आमची आई फार बोलत नाही, आणि रसायनशास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि बाबांना म्हणाली, "पाणीच तर आहे, असं तुम्ही तरी नका म्हणू." एवढंच. बाबांच्या गावात त्यांच्या आईला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. ती कळशी घेऊन काठापासून लांब बसून राहायची, कुणाला दया येऊन कुणी वरून ओतेपर्यंत, आणि लहानगे बाबा तिच्या शेजारी. हे बाबांनीच आम्हाला सांगितलं होतं, एकदाच, आणि पुन्हा विचारू नका म्हणाले होते. आई आत गेली. बाबांनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी मला लिही असंही म्हटलं नाही आणि लिहू नको असंही नाही. मला वाटलं होतं ते माझ्या बाजूनं उभे राहतील. ते पेपर घेऊन बसले. त्याचाही राग माझ्यात आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

पुढचं सांगायला फार नाही, कारण पुढे घडलंच नाही काही. विभागातल्या समितीपुढे मी दोन्ही आलेख ठेवले. सर इंग्रजीत म्हणाले, जानेवारीचं सॅम्पल बिघडलेलं होतं. समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या, एकानं खिडकीबाहेर बघितलं. नंतर कॉरिडॉरमध्ये त्यातल्याच एका बाईंनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाल्या, "यू आर राइट, बट." त्या बटच्या पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जावं म्हणून मी दारोदार फिरले. सगळ्यांच्या लॅब भरलेल्या होत्या. सगळे एकाच कँटीनमध्ये एकाच टेबलावर चहा पीत होते. माझी मुदत संपली. माझी लाल बाटली कुणीतरी कपाटातून काढून ठेवली, ती परत मिळाली नाही.

लोक म्हणतात, पीएचडी सोडली. मला या क्रियापदाचा संताप येतो. मी सोडली नाही. मी धरून बसले होते, आणि जे धरून बसले होते त्यासकट मला बाहेर ठेवलं गेलं. लोक असंही म्हणतात की सरांचीही काही बाजू असेल. असेल ना. ती त्यांनी मांडावी. त्यांच्याकडे मासिकं आहेत, परिषदा आहेत, शाल-श्रीफळं आहेत. त्यांची बाजूही मीच मांडायची का?

आता सरोजिनी नगरचे ते क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उभ्या केल्या आहेत. वानखेडे काकू नागपूरला गेल्या. आम्ही गाझियाबादच्या एका फ्लॅटमध्ये राहतो आणि मी तिथल्याच एका खासगी शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. बरी शिकवते. मुलं विचारतात, मॅम, ये सच में ऐसा होता है या बस किताब में? या एका प्रश्नासाठी मी ती नोकरी टिकवून आहे. अधूनमधून मी इंटरनेटवर तो पदार्थ शोधते. तो अजून आहे. दोन पाणी घेऊन ऐटीत बसलाय. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या मुलांनी त्याचा संदर्भ देऊन आणखी पदार्थ केले आहेत, त्यांच्याही सूत्रात तेच पाणी. कुणी त्या पाण्याच्या जोरावर जंतू मारून दाखवले आहेत, कुणी रंग उडवून. जगात जो पदार्थ नाही त्याचा एवढा मोठा संसार झाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या क्षेत्रात पोहरा काठोकाठ भरून वर येतो आणि आडात वाकून कुणी बघतच नाही.

गेल्या रविवारी सरांचा अमृतमहोत्सव झाला. दिल्लीतल्या एका मराठी मंडळानं केला. आमंत्रण बाबांच्या नावानं आलं होतं, कारण बाबा मंडळाचे जुने सभासद. मी जाणार नव्हते. बाबा आता काठी घेऊन चालतात, म्हणाले, "चल, मला एकट्याला मेट्रोची चढउतार जमत नाही." खरं खोटं देव जाणे, आमच्या घरात देव नाही, म्हणून बाबाच जाणोत. हॉलमध्ये तीच उमस. पंखे गरगरत होते, बायकांच्या गजऱ्यांचा आणि बटाटेवड्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. सर अजून ताठ आहेत. पुष्पगुच्छ, शाल, मानपत्र. विवेक खास विमानानं आला होता, त्यानं हिंदीत भाषण केलं आणि मध्ये एक मराठी वाक्य पाठ करून म्हटलं, त्याला टाळ्या पडल्या.

मग सर बोलायला उठले. आपल्या विद्यार्थ्यांची एकेक आठवण काढू लागले. आणि त्यांना मी दिसले. मला वाटलं, नजर पुढे सरकेल. सर हसले.

"आमची संघमित्रापण आलेली दिसतेय. अतिशय गुणी मुलगी. डॉक्टरेट अगदी हातातोंडाशी आली होती हो. पण काय करणार, घरच्या अडचणींमुळे बिचारीला शिक्षण सोडावं लागलं. आपल्या समाजात मुलींचं अजून असंच होतं, याची मला आजही खंत आहे."

हॉलमध्ये हळहळीचा एक आवाज उठला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे दयेनं बघितलं.  इतक्या वर्षांत मी सगळी उत्तरं तयार केली होती, आंघोळ करताना, रिक्षात बसून, वर्गातून वर्गात जाताना. पण घरच्या अडचणी, हे ते म्हणतील असं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी माझी डिग्री ठेवून घेतली होती, ते मी समजू शकत होते. आता ते माझी लढाई पण घेऊन चालले होते, आणि तिच्या जागी आमचं घर ठेवत होते. आईचं लाटणं, बाबांची पिशवी, बोटांना हळद असलेली मी.

शेजारी काठी टेकल्याचा आवाज झाला. बाबा उठत होते. मी त्यांचा कोपर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला.

"सर," बाबा म्हणाले. माइक नसताना आवाज बेताचाच होता, पण पुढच्या रांगांनी माना वळवल्या. "माफ करा, मध्ये बोलतोय. घरची काही अडचण नव्हती."

सर जरा गोंधळले. मग हसून म्हणाले, "असेल, असेल. माझ्या ऐकण्यात तसं आलं होतं."

"नाही सर. घरी कसलीही अडचण नव्हती. तुम्ही फोन केला होता मला. मी तिला चुकीचं सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही."

कुणीतरी म्हणालं, काका, बसा, नंतर बोलू. विवेक खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई पुढचा कागद शोधायला लागल्या. बाबा बसले नाहीत.  ते माझ्याकडे वळले आणि घरी विचारतात तसं, साध्या आवाजात म्हणाले, "मला त्यातलं नीट सांगता येणार नाही. तू सांगतेस?"

मी उभी राहिले. सर माझ्याकडे बघत होते. माझा आवाज कापत होता, रागानं, आणि तो कापू नये म्हणून मी काहीही केलं नाही.

"सर," मी मराठीत म्हणाले, सगळी दारं उघडी असताना, "निकेलच्या त्या पदार्थात पाणी नाही."